रिकामा रकाना

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर सकाळी सात ते साडेआठ या वेळात बहुतेक सगळे प्रश्न निकाली निघतात. हद्दवाढ, उसाचा दर, फुटबॉल संघाचा गोलकीपर, काहीही. सध्या मात्र एका विषयावर गाडी अडली आहे. 2027च्या जनगणनेत जातही नोंदवणार हे जाहीर झाल्यापासून मोबाइलवर दोन संदेश फिरताहेत. एक सांगतो, धर्माच्या रकान्यात ‘निधर्मी’ लिहा, शाहूनगरीला तेच शोभतं. दुसरा सांगतो, असं लिहिणाऱ्यांना दिवाळीची सुट्टी आणि बोनस देऊ नका. पहिला संदेश पाठवणारा गणपतीत मंडळाचा खजिनदार असतो. दुसरा पाठवणारा मोहरमला शेजारच्या गल्लीत पंजाला ऊद घालून येतो. दोघेही आपापल्या जागी चांगली माणसं आहेत आणि दोघेही एकाच चुकीवर पाय रोवून उभे आहेत. धर्मनिरपेक्षता म्हणजे नास्तिकता, असं दोघेही धरून चाललेत. एकाला ती त्यासाठी हवी, दुसऱ्याला त्यासाठीच नको.

मी देव मानत नाही. आई मानते, माघात जोतिबाचे पाचही खेटे, म्हणजे डोंगरापर्यंतच्या वाऱ्या, चालत घालते. आमच्या दोघांच्या वतीने मला एवढंच म्हणायचंय की धर्मनिरपेक्ष राज्य ही नास्तिकांची खासगी इस्टेट नव्हे. माझ्याइतकीच, कदाचित जास्तच, आईला त्या राज्याची गरज आहे. आणि त्याच दमात दुसरं: ज्या राज्यात धर्म नसलेल्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही, तिथं श्रद्धाळू माणसाची श्रद्धाही त्याची स्वतःची राहत नाही, ती सरकारी दप्तरातली नोंद होते. म्हणून ‘निधर्मी’ नावाचा आणखी एक रकाना मला नको. आहे तो रकाना रिकामा सोडायची मुभा हवी, आणि ती माळकऱ्यालाही हवी.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. नास्तिक म्हणजे देव न मानणारा, असं आपण सरसकट धरतो. मनुस्मृती म्हणते, ‘नास्तिको वेदनिन्दकः’. वेदांची निंदा करतो तो नास्तिक. या हिशेबाने बौद्ध नास्तिक आणि जैनही नास्तिक. उलट जगाचा कर्ता ईश्वर गृहीत न धरणारं सांख्य दर्शन आस्तिक, का तर ते वेद प्रमाण मानतं. म्हणजे मूळ भांडण देव आहे की नाही याचं नव्हतंच, शब्द कोणाचा चालायचा याचं होतं. शिरोळ-हातकणंगल्याच्या पट्ट्यात जाऊन बघा. पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन येणारा, सूर्य मावळल्यावर घासही न घेणारा जैन शेतकरी तिथं गावोगाव आहे. त्याच्या धर्मात जग निर्माण करणारा देव नाही. त्याला निधर्मी म्हणायची कुणाची छाती आहे? आणि ‘सेक्युलरिझम’ हा शब्द तरी कुठून आला? इंग्लंडात जॉर्ज जेकब होलिओकला 1842 साली ईश्वरनिंदेबद्दल सहा महिन्यांची कैद झाली. नऊ वर्षांनी, 1851 साली, त्याने हा शब्द काढला तो नास्तिकतेला मिरवायला नव्हे, तिला बाजूला ठेवायला. देवाबद्दलचा वाद मिटो न मिटो, शाळा, मजुरी, आरोग्य या कामांत दोन्ही प्रकारच्या माणसांना शेजारी बसता यावं, एवढीच त्याची खटपट होती.

आपण या शब्दाचे मराठीत तीन अवतार केले आणि गरजेप्रमाणे बदलून वापरले. शिवी द्यायची तर निधर्मी, भाषण करायचं तर सर्वधर्मसमभाव, अर्ज लिहायचा तर धर्मनिरपेक्ष. यातला मधला सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवा. जून 2023 मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं. असं काही झालं की शांततेची बैठक लागते. मंचावर पुजारी, मौलाना, फादर, भंते ओळीने बसतात, फोटो निघतो. त्या ओळीत ज्याला कुठलाच धर्म नाही त्याची खुर्ची कुठं असते? ‘सर्व धर्म’ म्हटलं की तो आपोआप गळतो. त्याहून वाईट म्हणजे, ज्यांना धर्म आहे पण धर्मगुरूचं ऐकायचं नाही तेही गळतात, आणि ते तर बहुसंख्य आहेत.

आता 17 ऑक्टोबर 1949 ची गोष्ट. संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालली होती. ह. वि. कामत उठले आणि म्हणाले, सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करू. सभागृह काही नास्तिकांनी भरलेलं नव्हतं. गांधींच्या तालमीत वाढलेली, सकाळी प्रार्थना करणारी माणसं तिथं होती. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, आम्ही कामाख्येचे, मग देवीच्या नावाने का नको? पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवाला मतदानाला उभं करू नका. हृदयनाथ कुंझरूंचा मुद्दा सगळ्यात नेमका होता: ज्या उद्देशिकेत विचार, श्रद्धा, उपासना यांचं स्वातंत्र्य देतो, तिच्याच पहिल्या ओळीत एक श्रद्धा सगळ्यांवर कशी लादायची? कामत ऐकले नाहीत. मतदान झालं. बाजूने 41, विरोधात 68. देव मानणाऱ्यांनीच देवाचं नाव उद्देशिकेबाहेर ठेवलं, ते देवाचा मान राखण्यासाठी. पण त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचा नमुना बघा. वर ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’, खाली ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’, मध्ये आडवी रेघ, शाळेतल्या अपूर्णांकासारखी. हवं ते म्हणा, खुर्ची तीच मिळेल. आपल्या देशात नास्तिकाची जागा नेमकी किती, असं कुणी विचारलं की मी ती रेघ दाखवतो. तिथं अंश आणि छेद सारख्याच वजनाचे आहेत.

हा हक्क नास्तिकांपुरता नाही याचा पुरावा आपल्याच उच्च न्यायालयात आहे. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की कुठल्याही अर्जात वा घोषणापत्रात धर्म सांगायची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही, आणि ‘मला धर्म नाही’ असं म्हणायचा अधिकार सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच येतो. दाद मागायला गेले होते कोण? कुणाला वाटेल, चळवळीतले कार्यकर्ते असतील. ते होते येशू ख्रिस्तावर श्रद्धा असलेले तिघे. त्यांचं म्हणणं, आमची श्रद्धा येशूवर आहे, ख्रिस्ती धर्म नावाच्या संघटित गोष्टीवर नाही. राजपत्रात तशी नोंद करा. सरकारी मुद्रणालयाने नकार दिला म्हणून ते कोर्टात गेले. म्हणजे या राज्यात निधर्मी असण्याचा हक्क मिळवून दिला तो भाविकांनी. तो निकाल कट्ट्यावरच्या दोन्ही संदेशवाल्यांनी वाचलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

विरोधात बोलणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. पहिला आकड्यांचा. 2011च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक नोंदवणारे देशभरात मिळून 33 हजारांच्या आसपास. गांधी मैदानात उभे केले तर मागे क्रिकेट खेळायला जागा उरेल. धर्म न सांगितलेले मात्र 28 लाखांहून जास्त होते, म्हणजे नास्तिक म्हणवणाऱ्यांच्या ऐंशी-नव्वद पट. त्यांच्या मनात काय होतं, त्या रकान्यावरून कळायला मार्ग नाही. तरी मान्य करू की संख्या किरकोळ आहे. पण हक्क डोकी मोजून वाटायचे असतील तर मग वेदोक्ताचं काय करायचं? 1899 साली पंचगंगेच्या घाटावर स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी पुरोहित पुराणोक्त, म्हणजे वेदांतले नव्हे तर पुराणांतले, मंत्र म्हणत होता. बरोबरच्या राजारामशास्त्री भागवतांनी ते लक्षात आणून दिलं. विचारल्यावर उत्तर आलं की शूद्रांना वेदोक्त नाही. अपमान किती जणांचा झाला? त्या घाटावर एकाच माणसाचा. पण छत्रपतींच्या नावापुढचा रकाना दुसऱ्याच कुणीतरी परस्पर भरून टाकला होता, आणि हे कळल्यावर सगळ्या बहुजन समाजाला आपापला रकाना दिसायला लागला. इंग्लंडात चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 साली निवडून आला. नास्तिक म्हणून त्याला पार्लमेंटात बसू देईनात. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, सहा वर्षांनी त्याला जागा मिळाली आणि 1888 साली कायदाच बदलला. तोच ब्रॅडलॉ पुढच्या वर्षी काँग्रेसच्या अधिवेशनाला मुंबईत आला. एका माणसाच्या हट्टाने काय होतं ते तेव्हाच्या आपल्या पुढाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो, कारण तो मी स्वतः अनुभवलाय. धर्म माणसाला जे देतो ते नास्तिकांकडे द्यायला नाही. आण्णा, माझे वडील, एका पावसाळ्यात गेले. उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये लेथवर त्यांची हयात गेली. बिंदू चौकातली सभा कधी चुकवली नाही, देवळाची पायरी कधी चढले नाहीत, आणि आईला खेट्याला जाताना कधी अडवलं नाही. ती अनवाणी चालून यायची तेव्हा पाय शेकायला पाणी तापवून ठेवायचे, बस्स. मागं काय करायचं हे त्यांनी लिहून ठेवलं नव्हतं. पंचगंगा स्मशानात शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, दहन झालं. कोल्हापुरात त्याचे पैसे पडत नाहीत. होळीच्या दिवसांत ‘होळी लहान, शेणी दान’ म्हणत लोकच त्या शेणी गोळा करून देतात.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. रक्षा सावडून झाली, निवद मांडला, बाजूला चहाचा कप आणि तंबाखूची पुडी. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, खाली येईनात. तात्या, माझे चुलते, पुढे झाले. हात जोडून मोठ्यानं म्हणाले, “आण्णा, धाकटीच्या लग्नाचं मी बघतो, काळजी करू नको.” कावळा हलला नाही. मावसभाऊ म्हणाला, “सोसायटीचा हप्ता आम्ही भागवतो.” तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी, घरातला शहाणा नास्तिक, पन्नास-साठ माणसांसमोर बोलून गेलो, “आईला अंतर देणार नाही.” त्या वाक्यानं मी आजही बांधलेला आहे, वकिलाकडे जाऊन स्टॅम्पवर लिहिलं असतं तर त्यातून पळवाट काढता आली असती. कावळा शिवलाच नाही. शेवटी मागून आईचा आवाज आला, “त्यांनी जित्तेपणी कधी कुणाची वाट बघितली न्हाई, आता कावळ्याची काय बघत्यात. घाला गाईला आन् चला घरी.”

या सगळ्याच्या जागी आपण विवेकवाद्यांनी काय उभं केलंय? शोकसभेत ‘त्यांचे विचार पुढे नेऊ’ म्हणून माइक पुढच्याच्या हातात देतो. विचार पुढे नेऊ म्हणणाऱ्यानं धाकटीच्या लग्नाची जबाबदारी घेतल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात भाकरी कुणी थापल्या? तालमींनी, मठांनी, मशिदींनी आणि गावोगावच्या बायकांनी. धर्म म्हणजे फक्त भाबडेपणा, असं म्हणणाऱ्याने एकदा पुराच्या छावणीत पत्रावळ्या उचलाव्यात. हे सगळं मला मान्य आहे. पण त्याच घाटावरची आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. महापालिकेच्या माणसाने नोंद करताना आण्णांचं नाव विचारलं, वय विचारलं, वेळ विचारली. क्रिया करणार का, कुठल्या पद्धतीने, हे त्याने विचारलं नाही. शेजारच्या चौथऱ्यावर कुणी एक मंत्र न म्हणता दहन केलं असतं तरी शेणी तेवढ्याच मिळाल्या असत्या. तात्यांना कावळ्याशी बोलायचं स्वातंत्र्य आणि मला गप्प उभं राहायचं स्वातंत्र्य एकाच न विचारलेल्या प्रश्नातून आलं. राज्याने याहून जास्त काही करावं असं मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप दलित मित्रांकडून येतो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ते म्हणतात, निधर्मी असणं ही ज्यांची जात आधीच कामाला येते त्यांची चैन आहे. अनुसूचित जातींचा 1950चा आदेश धर्माशी बांधलेला आहे. आधी फक्त हिंदू, मग 1956 मध्ये शीख, आणि बौद्धांना तर थेट 1990 मध्ये त्यात घेतलं. ज्याच्या पोराची शिष्यवृत्ती एका रकान्यावर अवलंबून आहे, त्याला ‘रिकामा सोड’ सांगणारा मी कोण? शिवाय बौद्ध असं ठसठशीत लिहिण्यामागे 1956ची नागपूरची दीक्षाभूमी आहे. ते लिहिणं हाच ज्यांचा विद्रोह आहे त्यांना रिकाम्या जागेचं कौतुक ऐकवू नये. खरंय. लिंगायत स्वतंत्र धर्म म्हणून नोंद मागतात, तीही त्यांच्या जागी समजण्यासारखी गोष्ट आहे. मी सक्ती नको म्हणतो, लिहिणं नको म्हणत नाही. आणि आमच्यातल्या ढोंगाबद्दल मी दलित मित्रांच्याही पुढे जाऊन बोलेन. वधू-वरांच्या जाहिरातीत ‘पुरोगामी विचारांचे’ आणि ‘96 कुळी’ हे दोन शब्द एका ओळीत मी स्वतः वाचलेत. देव सोडायला एक रात्र पुरते. जात सोडायला पोराची सोयरीक जमवायची वेळ यावी लागते, तेव्हा खरं काय ते कळतं.

‘तुम्ही फक्त हिंदूंनाच बोलता’ हा चौथा. काही जण तसं करतात, आणि ते भित्रेपणाने करतात. पण महाराष्ट्रात हमीद दलवाईही झाले. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला, 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, आणि 1977 साली गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठल्याही विधीशिवाय त्यांचं दहन झालं. त्यांना त्यांच्या समाजाने काय काय ऐकवलं आणि बाकीच्यांनी किती साथ दिली, याचा हिशेब आक्षेप घेणाऱ्यांनीही मांडावा. दुसरीकडे सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे असं लिहिलं आणि मरणोत्तर विधी नाकारले, हे त्यांच्या जयंतीच्या भाषणात कुणी सांगत नाही. धर्म न मानणं ही डाव्यांची मक्तेदारी कधीच नव्हती.

आता आमच्या बाजूचं, कारण वाद बिघडवण्यात आमचाही वाटा थोडका नाही. निधर्मी लिहिणं शाहूनगरीला शोभतं, असं तो पहिला संदेश म्हणतो. शाहू महाराज नास्तिक होते? वेदोक्ताचं भांडण मुळात विधीच्या हक्काचं होतं. विधी नको असता तर राजोपाध्यांचं वतन जप्त करायची वेळच आली नसती. पुढे महाराजांनी आर्य समाजाला जवळ केलं, सत्यशोधकांना बळ दिलं आणि 1920 साली तर स्वतःचा क्षात्र जगद्गुरू नेमला. जो माणूस जगद्गुरू नेमतो त्याला निरीश्वरवादी ठरवणं म्हणजे त्याचाही रकाना परस्पर भरणं झालं. जोतिराव फुलेही निर्मिक, म्हणजे सृष्टीचा कर्ता, मानत होते. खरा अज्ञेयवादी हवा तर आगरकर आहेत, आणि त्यांचंही कोल्हापूरशी नातं आहे. इथल्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय असं छापल्याबद्दल दिवाण बर्व्यांनी खटला भरला आणि 1882 साली टिळकांबरोबर आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. देवावर विश्वास नसलेला माणूस देवघर असलेल्या राजासाठी तुरुंगात गेला. त्याने आधी राजाची श्रद्धा तपासली नव्हती. ज्या पुण्याने पुढे त्याची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तिथल्याच छापखान्यातून त्याने ही कैद ओढवून घेतली होती.

विवेकाचं काम श्रद्धेच्या अंगणात उभं राहूनच होतं, हे या जिल्ह्याने दोनदा तरी दाखवलंय. गणपती नदीत सोडू नका, दान करा, असं पहिल्यांदा म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांवर लोक धावून जायचे. धर्म बुडवायला निघालेत म्हणायचे. आज पंचगंगेवर गूळ करायच्या काहिली पाण्याने भरून मांडलेल्या असतात, घरातली आजी त्यातच मूर्ती बुडवते, वर हात जोडते आणि मोदक वाटून घरी येते. कुणाचा देव कमी झाला? दुसरं उदाहरण शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं. 4 मे 2022 रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. ठराव करणारे देव मानणारे शेतकरीच होते. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. 2013 साली त्यांच्या खुनानंतर झालेला जादूटोणाविरोधी कायदा वाचला तर दिसतं की यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना त्यात स्पष्ट वगळलंय. 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरून परतताना गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. त्यांची शिवरायांवरची छोटी पुस्तिका वाचा. देव मानणारा, तरी परधर्माचा द्वेष न करणारा राजा ती उभा करते. त्या गोळीने ज्याला गप्प करायचं होतं तो माणूस परंपरेच्या बाहेरून ओरडत नव्हता, आत बसून बोलत होता. म्हणूनच तो परवडला नसावा.

सरकारचा हात सगळ्या धर्मांत सारखा पडत नाही, हा आरोपही खरा आहे. अंबाबाईच्या देवळाचा कारभार सरकारी समितीकडे, पुजाऱ्यांचा कायदा 2018 साली विधिमंडळाने केलेला. असं इतर धर्मांच्या प्रार्थनास्थळांत सहसा दिसत नाही. पण तो कायदा मागायला रस्त्यावर भाविकच उतरले होते, हेही लक्षात ठेवा. सरकारला गाभाऱ्यात बोलावतो कोण आणि नंतर ते आत आल्याबद्दल कुरकुरतो कोण, हे एकदा बसून ठरवायला हवं. उलट टोकाला 1967चा अल्बेनिया आहे. तिथं सरकारने नास्तिकता जाहीर केली, मशिदी आणि चर्च बंद पाडले. प्रत्येकाच्या रकान्यात सरकारनेच एक शब्द लिहिला. तो ‘नास्तिक’ होता म्हणून गोड कसा म्हणायचा?

तर मागणी काय? फार मोठी नाही. आजच्या कायद्यात मी देव मानत नाही, देवळात जात नाही, तरी मी हिंदूच. कारण 1955चा हिंदू विवाह कायदा जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही त्याला आपल्या कक्षेत घेतो. मला त्याचं फारसं दुःख नाही, वारसा नीट मिळतो. पण केरळमधली एक मुस्लिम घरात जन्मलेली बाई सर्वोच्च न्यायालयात गेली आहे. तिचा धर्मावर विश्वास नाही आणि वारसाहक्कात सर्वांना लागू असलेला कायदा तिला हवा आहे. तिला आपण काय सांगणार, आधी दुसरा धर्म शोध? 1872चा विवाह कायदा जोडप्याला ‘आम्ही या या धर्माचे नाही’ असं लिहून द्यायला लावायचा. ब्राह्मो समाजाच्या भाविकांना लग्न करायचं होतं, म्हणून हा खटाटोप. पन्नास वर्षांनी ती अट सैल झाली. 1954च्या विशेष विवाह कायद्यात ती नाही, पण तीस दिवस लग्नाची नोटीस फलकावर टांगलेली असते. ती वाचून नातेवाईक आधी पोचतात, मग टोळकं. शाळेच्या दाखल्यापासून पोलिसांच्या अर्जापर्यंत धर्माचा रकाना कशासाठी लागतो, हे प्रत्येक खात्याने सांगावं. सांगता आलं तर ठेवावा, नाही तर काढावा. जिथं ठेवायचा तिथं रिकामा चालेल असं छापावं.

फेब्रुवारी 2011 मध्ये आमच्याकडे जनगणनेला प्राथमिक शाळेचे एक मास्तर आले होते. घरटी एकच माणूस सगळ्यांची माहिती सांगतो, तेव्हा आण्णा खुर्चीत आणि मी दारात. मास्तरांनी माझं शिक्षण तीनदा विचारलं, धाकटीची जन्मतारीख दोनदा. मग मान वर करून दाराच्या चौकटीवरच्या गणपतीकडे पाहिलं आणि न विचारताच धर्माच्या चौकोनात एक आकडा लिहून टाकला. आण्णांनी तो बघितला. ते काही बोलले नाहीत, फक्त आईला म्हणाले, मास्तरांना चहा दे.

परवा कट्ट्यावरून घरी आलो आणि आईला विचारलं की आता कुटुंबप्रमुख तू, माझ्या नावापुढं काय सांगणार? ती भाजी निवडत होती. “माझं काय ते मी सांगीन. तुझं मला काय म्हाईत? तू घरात थांब त्या दिवशी, तुझं तू सांग.” मग जरा वेळानं, “आन् मास्तरास्नी म्हणावं, आधी इचारा, मग ल्ह्या.”